चोवीस बरण्यांची झाकणं

माझी ताई एका वेळी फार तर पंचवीस मिनिटं घराबाहेर राहू शकत असे. तिसऱ्या मजल्यावरून खाली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, समोरचा भाजीवाला, दूध, आणि परत वर. त्याहून उशीर झाला की बाबा पलंगाशेजारची स्टीलची वाटी उचलून तिच्यावर चमचा आपटायला लागत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन म्हणत, "धावा, तुमची घंटा झाली." ताईला त्याचं हसू यायचं. "शाळेतसुद्धा मी इतकी वेळेवर पोचले नाही," ती म्हणायची.

असं अकरा वर्षं चाललं. बाबांना पहिला झटका आला तेव्हा ताई एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं, माझं झालं होतं. बाबांना कोण बघणार हे तेवढ्यावरच ठरलं. कुणी बसून ठरवलं असं म्हणता येणार नाही. तिने सहा महिन्यांची रजा घेतली, ती वाढवली, आणि मग राजीनामा लिहिला. तो पोस्टात टाकायला मीच गेलो होतो. मी तेव्हापासून दर रविवारी दहा ते बारा तिच्याकडे जात असे आणि आपण आपलं कर्तव्य करतो आहोत असं मला वाटत असे.

दुसऱ्या झटक्यानंतर बाबा मला ओळखेनासे झाले. कधीमधी ते मला मीटर बघायला आलेला माणूस समजत, पण बहुतेक वेळा कुणीतरी बडा पाहुणा. "बसा साहेब, पोरगी चहा आणेल," असं अदबीने म्हणत. ताईला मात्र ते कधीच विसरले नाहीत. तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसत, आणि ती दिसली नाही की वाटी वाजायची.

या घरात ताईने ऑर्किडची रोपं बियांपासून करायला घेतली. कॉलेजातून निघताना टाकून द्यायच्या तीन कुंड्या तिने उचलून आणल्या होत्या. त्या न्हाणीघराच्या खिडकीत जगल्या. ऑर्किडचं बी मी तिच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं. बी कसलं, पावडरच. एका शेंगेत हजारो, आणि एकाच्याही पोटात स्वतःपुरतं अन्न नाही. रानात त्याला एक बुरशी भरवते. घरी ते साखर घातलेल्या जेलीवर वाढवावं लागतं, आणि जेलीवर हवेतला एखादा जंतू जरी पडला तरी चार दिवसांत बरणीत पांढरा-काळा कापूस उगवतो, बी संपतं. म्हणून बरणी, जेली, झाकण सगळं प्रेशर कुकरमध्ये उकळून निर्जंतुक करायचं.

तिच्या बरण्या जॅमच्या होत्या. प्रत्येकीच्या पत्र्याच्या झाकणाला तिने मधोमध खिळ्याने भोक पाडलं होतं आणि त्यात कापसाचा बोळा गच्च बसवला होता.

"एवढा खटाटोप जंतू बाहेर ठेवायला, आणि झाकणालाच भोक?" एका रविवारी मी तिला विचारलं.

"हेडक्लार्कसाहेब, आधी डोकं चालवा." ती मला लहानपणापासून असंच काहीबाही म्हणते. "कुकरमध्ये बरणीतली हवा तापून फुगणार. तिला वाट नको? घट्ट बंद केली तर बरणी फुटेल. आणि गार होताना बरणी हवा आत ओढते, ती कापसातून गाळून आली पाहिजे."

"म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह."

"तसं म्हण. आणि पेरल्यानंतर वरून ही कागदी पट्टी लावायची, जखमेवर लावतात ती. कारण रोपांना पुढेही…"

तेवढ्यात वाटी वाजली. ती उठून गेली, आणि ते वाक्य अर्धवट राहिलं ते राहिलंच.

त्या कागदी पट्टीमुळेच तिची नर्सरीवाल्यांशी गाठ पडली. पट्टीची दहा रिळं एकदम मागितली म्हणून औषधवाला म्हणाला, "बाई, घरात कुणी रोज पडतं का?" शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "पडत नसणार, पेरत असतील." ते कॉलेजला रोपं पुरवायचे, ताईला त्यांनी ओळखलं. शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर त्यांची काचघरं होती आणि एक छोटी प्रयोगशाळा. पुढच्या आठवड्यात ते स्कूटरवरून घरी आले, न्हाणीघराच्या दारात उभे राहून त्यांनी सगळं बघितलं.

"मॅडम, माझ्याकडे दोघं जण होते, सर्टिफिकेटवाले. शंभर बरण्या भरल्या तर साठांत बुरशी. तुमच्या?"

"वीसांत तीन-चार. मधेच उठावं लागलं तर जास्त."

"मधेच उठावं लागतं?"

आतून वाटी वाजली. "हे असं," ताई म्हणाली.

त्यांनी तिच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. तिच्या सगळ्यात चांगल्या झाडाला तिने काडीने परागकण लावून धरवलेली एकच शेंग होती, सात महिन्यांची, पिकत आलेली. तिच्या चोवीस बरण्या कराव्यात. चार महिन्यांनी चोवीसपैकी अठरा स्वच्छ आणि हिरव्या असतील तर प्रयोगशाळा तिच्या ताब्यात, वर राहायला खोली. "खिडकी मोठी आहे," ते म्हणाले. "पण चार महिन्यांच्या पुढे मला थांबता यायचं नाही. सीझन निघून जातो."

ते गेल्यावर ताईने मला फोन केला. असा मधल्या वारी ती कधी करत नसे.

"जाऊ का रे मी?"

तिने परवानगी मागितली नव्हती. मी गेले तर बाबांना तू बघशील का, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो मला लगेच कळला.

"आधी बरण्या तर होऊ देत," मी म्हणालो. "मग बघू."

पेरणीच्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून बाबांपाशी बसलो. ताईने न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ केली, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग दार आतून लावून घेतलं. आत तिने एक पारदर्शक प्लॅस्टिकचा खोका उलटा ठेवला होता, त्याला दोन हात जातील अशी भोकं कापून. खोक्यात हात घालून शेंग चिरायची, बी बरणीत सोडायचं, झाकण लावायचं. मधे दार उघडलं की संपलं. पन्नास मिनिटं लागणार होती. बाबांनी विसाव्या मिनिटाला वाटी उचलली. मी वाटीवर पंजा ठेवला. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे काही बरं नाही."

मी पंजा काढला नाही. ताई बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. चोवीसच्या चोवीस बरण्या तिने स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ओळीने लावल्या, त्यांना आकडे घातले. दोन बरण्यांत बुरशी आली, बाकी बावीस स्वच्छ राहिल्या. दीड महिन्याने जेलीवर हिरव्या ठिपक्यांची साय धरली, तीन महिन्यांनी त्यांना पानाची टोकं फुटली. ताई भिंग घेऊन बघायची, पण तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका वाढला होता की मला विचारायची, "टोकच आहे ना रे ते?" टोकच होतं.

ऑपरेशन तिने दोन वर्षं ढकललं होतं. आता नर्सरीत जायचं तर डोळा हवा, म्हणून महिना उरला असताना तिने तारीख घेतली. ठरलं असं की आठवडाभर ती आमच्याकडे राहील, माझी बायको डोळ्यात औषध घालेल, आणि मी रजा काढून बाबांपाशी राहीन. तिने मला चार पानं सूचना लिहून दिल्या. बरण्यांबद्दल एकच ओळ होती: उन्हात येऊ देऊ नकोस.

तो आठवडा मला अजून आठवतो. बाबा दर दहा मिनिटांनी विचारत, "पोरगी कुठे गेली?" मी सांगे, "डोळ्याच्या ऑपरेशनला." ते म्हणत, "अरेरे," आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारत. घास भरवायला गेलं की तोंड फिरवत आणि म्हणत, "आपण कशाला त्रास घेता?" मी तीन दिवस पायरी उतरलो नाही. भाजीवाल्याला खिडकीतून हाक मारून पिशवी दोरीला बांधून घेतली. ते घर दोन खोल्यांचं आहे हे मला माहीत होतं. पलंगापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं आहेत हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मांडणीवर मुंग्या दिसल्या. बारीक, तांबड्या. बघतो तर बऱ्याच झाकणांवरच्या कागदी पट्ट्या कडेने सुटल्या होत्या. तीन महिन्यांची मेहनत, आणि आत साखर.

तीस वर्षं मी ऑफिसात गोपनीय पाकिटांचं टपाल बघतो. पाकीट चिकटवायचं, दोरा बांधायचा आणि गाठीवर लाख वितळवून मोहोर उठवायची, हे काम आमच्याकडे अजून हातानेच होतं आणि माझ्यासारखं कुणाला जमत नाही. लाखेची कांडी माझ्या बॅगेत असतेच. भोक कुकरपुरतं होतं, ते काम झालं, आता ते बंद केलेलं बरं, असा मी विचार केला. जुन्या पट्ट्या सोलून काढल्या आणि मेणबत्तीवर लाख वितळवून बावीसच्या बावीस झाकणांवर कापसासकट थेंब पाडला. एकही ओघळ नाही. लाल, गोल, एकसारखे. त्या आठवड्यात माझ्या मनासारखी झालेली तेवढी एकच गोष्ट.

ताई रोज संध्याकाळी फोन करायची. पाचव्या दिवशी मी तिला म्हणालो, "बरण्या झकास आहेत. आतून काचेवर काय सुरेख दव धरलंय, बघत राहावं."

"दव? किती बरण्यांत?"

"सगळ्या."

मग म्हणाली, "मी येते."

"अगं डॉक्टरांनी…"

फोन बंद झाला होता. अर्ध्या तासात ती काळा चष्मा लावून, माझ्या बायकोच्या हाताला धरून जिना चढून आली. बाबांनी तिला पाहून वाटी खाली ठेवली. ती सरळ मांडणीपाशी गेली आणि पहिल्या झाकणावर बोट फिरवलं. मग वास घेतला.

"लाख?"

"मुंग्या आल्या होत्या," मी म्हणालो.

"सगळ्यांना लावलीस?"

"हो."

"अरे, श्वास घेतात ती," ती हळू आवाजात म्हणाली. "भोक त्यांच्यासाठीच आहे." ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने एक बरणी उजेडाकडे धरली. ओल्या काचेपलीकडे रोपं काचेसारखीच दिसत होती, पाणी भरल्यासारखी फिकट.

बायकोने मला बाजूला घेतलं. "खरं सांगा, मुद्दाम नाही ना केलंत?" मी तिच्यावर एवढ्या जोरात भडकलो की बाबा दचकले. अठरा बरण्या झाल्या असत्या तर ताई जाणार होती. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण मला इतका राग का आला, याचा विचार मला नंतर पुष्कळ दिवस करावा लागला.

उपाय एकच होता. नवी झाकणं, नवा कापूस, पुन्हा कुकर, आणि खोक्यात एकेक जुनं झाकण काढून लगेच नवं लावायचं. पण ताईला वाकायची, वाफेत जायची, खोका पुसायच्या ब्लीचच्या वासाजवळ जायची बंदी होती. बायको घरी परतली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला यायला जमणार नव्हतं. राहिलो मी.

दुसऱ्या दिवशी झाकणं कुकरमधून निघाली आणि मी न्हाणीघरात शिरलो. ताई बाहेर स्टुलावर बसली आणि बंद दारातून सांगू लागली. "हात कोपरापर्यंत पूस. आता बरणी आत घे. झाकण सैल कर, पण उचलू नकोस. नवं हातात तयार? आता उचल, लाव. बोलू नकोस, तोंडातून जंतू जातात."

आत वाफ, दिव्याची उष्णता, ब्लीचचा वास. हातमोज्यांत घाम साचला. सहा बरण्या झाल्या आणि वाटी वाजली. ताई म्हणाली, "थांब, आले." तिची पावलं दूर गेली.

मी खोक्यात हात घालून बसून राहिलो. सातव्या बरणीचं झाकण सैल करून ठेवलेलं. हात बाहेर काढावेत तर बाहेरची हवा आत जाणार, दार उघडावं तर सगळंच जाणार. नाकाला खाज सुटली. बाहेर बाबांचा आवाज, ताईचा आवाज, पाण्याचा ग्लास, मग काही नाही. मी हाक मारली नाही, कारण बोलायचं नव्हतं. शेवटी मारली. उत्तर आलं नाही. पाठ भरून आली. एकदा वाटलं, उठावं, दाराला लाथ घालावी आणि खाली रस्त्यावर जावं.

पावलं परत आली. "हं, सातवी का?"

"कुठे होतीस?"

"बाबांपाशी."

"दहा मिनिटं?"

"दहाच झाली," ती म्हणाली. "अशीच असतात ती. चल, झाकण उचल."

चार महिने भरले तेव्हा नर्सरीवाले आले. बावीसांपैकी सात बरण्यांतली रोपं काळी पडली होती, चारांत झाकण बदलताना बुरशी गेली होती. अकरा हिरव्या होत्या. त्यांनी एकेक बरणी फिरवून पाहिली आणि खुर्चीवर बसले.

"अकरा, मॅडम."

"हो."

"तीन महिन्यांपूर्वी तुम्ही फोनवर बावीस सांगितल्या होत्या. काय झालं?"

ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "झाकणं बंद करण्यात चूक झाली. माझी."

"मला नेमकं त्याच कामाला माणूस हवंय हो," ते हळहळून म्हणाले. चहा अर्धा टाकून उठले, बाबांना नमस्कार केला आणि जिना उतरू लागले. ताई कप उचलून ओट्याकडे वळली. कपाळावर आठी नाही, काही नाही. अकरा वर्षं ज्या चेहऱ्याने ती ओट्याकडे वळत होती त्याच चेहऱ्याने.

मी काय केलं ते सांगायला हवं. मी आधी उभाच राहिलो. ते पहिल्या मजल्यावर पोचल्याचा आवाज आला, तोपर्यंत उभा होतो. मग धावलो. ते स्कूटरला किक मारत होते.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "मी लाख लावली. तिला माहीतही नव्हतं. ती तेव्हा माझ्या घरी होती."

त्यांनी स्कूटर बंद केली. "लाख? पाकिटाला लावतात ती?" ते हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. "तरीच. असा कापूस बसवणारी बाई भोक बुजवणार नाही. मग खोटं का बोलल्या?"

मला त्याचं उत्तर माहीत होतं. तिने माझं नाव घेतलं असतं तर नोकरी मिळाली असती, आणि मग बाबांचं काय हे तिला सगळ्यांसमोर माझ्याकडे विचारावं लागलं असतं. ते विचारण्यापेक्षा तिने नोकरी सोडली.

"वडिलांना तुम्ही बघाल का?" त्यांनीच विचारलं.

"बघू," हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. "हो," मी म्हणालो. "पहिल्या तारखेपासून." "मग तेवढे दिवस थांबतो, मॅडमना सांगा," असं म्हणून त्यांनी पुन्हा किक मारली.

निवृत्तीला माझे चौदा महिने उरले होते आणि रजा भरपूर साठलेली होती. मी अर्ज केला. बायको म्हणाली, "वडील तुमचे, अंग पुसणं आणि रात्रीचं उठणं तुम्ही करायचं. जेवणाचं मी बघते." ते रास्त होतं. आम्ही दोघं ताईच्या घरी राहायला गेलो. तोवरचे तीन आठवडे ताई आणि मी दोघं बाबांना भरवायला बसत होतो, एक घास तिचा, एक माझा. शेवटच्या आठवड्यात ते माझ्या हातचे चार घास घ्यायला लागले होते. "साहेब, तुम्ही फार करता," एवढंच म्हणत. मी मुलगा आहे हे त्यांना कळलं नाही, आणि ते कळेल अशी आशाही मी धरलेली नाही.

पहिल्या तारखेला सकाळी ताई निघाली. एक सुटकेस. बरण्या नर्सरीवाले आदल्या दिवशीच घेऊन गेले होते. बाबांना तिने सांगितलं, "बाबा, मी कामावर जाते." ते म्हणाले, "लवकर ये." ती दाराबाहेर गेली, एक मजला उतरली आणि परत आली. गॅसचं बटण बघितलं. पुन्हा गेली, पुन्हा आली. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर द्यायची, जेवणाआधी नाही, हे तिने मला सांगितलं. ते तिने चार पानांत लिहून दिलेलंच होतं. तिसऱ्या वेळी ती नुसतीच उंबऱ्यात येऊन उभी राहिली. काय विसरलं ते तिलाही आठवेना.

"ताई, बस चुकेल."

"हो रे. जातेच आहे."

ती जाईना. आत बाबा विचारायला लागले, "पोरगी कुठे गेली?" तिचा पाय आत पडला. मी दार लोटलं, तिच्या तोंडावरच, आणि आतून कडी घातली. कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. बाहेर कितीतरी वेळ काही आवाज नव्हता. मग सुटकेस उचलल्याचा आवाज आला, आणि पावलं पायऱ्या उतरू लागली, आधी थांबत थांबत, मग भराभर.